एकशे एकोणीस दिवसांचं राज्य

माझी सगळ्यांत अवघड पोस्टिंग माझ्याच गावात झाली. तिची ऑर्डर कुणी काढली नव्हती, पगार नव्हता आणि सुट्टीचा तर प्रश्नच नव्हता.

आता माझी नव्वदी कधीच मागे पडली. अहमदपूरच्या एका शाळेत दर सप्टेंबरला मला भाषणाला नेतात. पोरं बर्मातल्या लढाईचं विचारतात, जपानी कसे दिसायचे ते विचारतात. मी उत्तरं देतो. पण मला अभिमान आहे तो टाकळवाडीचा, आणि तिथली गोष्ट सांगायला घेतली की मास्तर घड्याळाकडे बघायला लागतात. म्हणून लिहून ठेवतो.

वयाची थाप मारून मी सोळाव्या वर्षी फौजेत गेलो आणि महायुद्ध संपल्यावर लान्स नाईक होऊन सुटलो. घरी आलो तेव्हा देश स्वतंत्र होण्याच्या वाटेवर होता. पुढे तो झालाही. आम्ही नाही झालो. आमचा मुलूख निजामाच्या संस्थानात, आणि संस्थान काही हिंदुस्थानात जायला तयार नव्हतं. आठ-नऊ महिने गावाने वाट पाहिली. मग वैशाखात एक दिवस गावाने संस्थानाच्या नाक्यावरच्या पाच शिपायांना जेवू घातलं, त्यांच्या बंदुका काढून घेतल्या आणि त्यांना वाटेला लावलं. रक्त सांडलं नाही. दुपारी महादेवाच्या देवळापुढे तिरंगा चढला आणि टाकळवाडी स्वतंत्र झाली.

स्वतंत्र झाली म्हणजे काय, हे संध्याकाळपर्यंत कुणाला ठाऊक नव्हतं. आम्ही स्वतःला हिंदुस्थानचे म्हणत होतो, पण हिंदुस्थानला आमचा पत्ता नव्हता. संस्थानाचे आम्ही राहिलो नव्हतो. उरलो आमचे आम्ही, साडेसातशे माणसं आणि एक पडकी गढी.

राज्याचे प्रमुख म्हणून काशिनाथअप्पांना निवडलं. लिंगायत, किराणा दुकानदार, साठीचे. रोज महादेवाला बेल वाहिल्याशिवाय दुकान उघडायचे नाहीत. मला म्हणाले, "फौजी, राखन तुज्याकडं. बाकीचं मी बगतो."

बाकीचं म्हणजे मीठ. पहिल्या पंधरवड्यातच मीठ संपलं, कारण तालुक्याच्या बाजाराचा रस्ता बंद झाला. दोन गाढवांवर ज्वारी लादून सरहद्दीपलीकडे पाठवायची आणि मीठ, रॉकेल, कुनैन आणायचं, हा आमचा परदेश व्यापार. बांधावरून मारामारी झाली तर न्याय अप्पा करायचे. शिक्षा एकच, चार दिवस गस्त. त्यामुळे माझ्याकडे गावातले सगळे भांडखोर जमा झाले, आणि शिपाई म्हणून ते काही वाईट नव्हते. पोस्ट बंद होती, शाळेचे मास्तर पळून गेले होते. एका सभेत कुणीतरी म्हणालं, हुसेन पिंजाऱ्याचं घर गावात ठेवायचं का? अप्पांनी त्याला विचारलं, "तुज्या लग्नातली गादी कुनी पिंजली?" विषय तिथेच संपला. हुसेन माझ्या दोन नंबर पोस्टवर होता आणि त्याचा नेम उत्तम होता.

माझी एकूण स्ट्रेंग्थ बावीस. पाच रायफली नाक्यावरच्या, दोन ठासणीच्या बंदुका, बाकी भाले नि गोफणी. गोफणीला हसू नका. ज्वारीची पाखरं राखणारा माणूस पन्नास पावलांवर डोकं फोडतो. पहाटे स्टँड-टू, म्हणजे सगळ्यांनी हत्यार घेऊन जागेवर, दिवसा तीन पोस्ट, चार-चार तासांची ड्यूटी. रोस्टर मी देवळाच्या भिंतीवर कोळशाने लिहायचो आणि बहुतेकांना वाचता येत नसल्यामुळे वाचूनही दाखवायचो.

तीन पोस्टमध्ये महत्त्वाची एक नंबर, गढीचा बुरूज. तिथून पश्चिमेला दोन कोस रान दिसायचं आणि निजामाच्या माणसांचा हल्ला झालाच तर तिकडूनच होणार होता. बुरुजावर नजर तेज असलेला आणि गावाला आवाज देऊ शकणारा माणूस हवा होता. तो एकच होता. केरबा वाघमारे, मांगवाड्यातला हलगीवाला. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा, तरी मी त्याला अरे-तुरे करायचो. तेव्हा तसंच चालायचं.

मी त्याला सिग्नल शिकवायला बसलो. शत्रू दिसला तर आठ ठोके, जवळ आला तर बारा. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"फौजी, घाबरलेला मानूस ठोके मोजतो का?"

"मग?"

"ताल वळखतो. बायकापोरांनी देवळात जायाचं, तर मयताचा ताल. गड्यांनी हत्यार घिऊन वेशीला यायाचं, तर पोळ्याचा. काई न्हाई, समदं ठीक हाय, तर लग्नाचा."

बर्मात मी बड्या बड्या साहेबांचे सिग्नल प्लॅन पाहिले. याहून चांगला पाहिला नाही. तोच मंजूर केला. पावसाळ्यात हलगीचं कातडं ढिलं पडतं, म्हणून बुरुजावर एका कोनाड्यात गोवरीचा विस्तव धुमसत ठेवायचा आणि हलगी शेकून तयार ठेवायची, हीसुद्धा त्याचीच व्यवस्था.

अडलं ते पाण्यावर. गढीत महादेवाची जुनी पिंड होती. गावातली वडीलधारी मंडळी म्हणाली, केरबा बुरुजावर चढेल, लढाई आहे, चालवून घेऊ. पण वरच्या मडक्याला तो शिवणार नाही आणि त्याचं मडकं गढीत येणार नाही. अप्पा गप्प राहिले. मीही गप्प राहिलो. ज्या माणसाने बर्मात कुणाकुणाच्या बाटलीतलं पाणी प्यालं, जात तर सोडाच, नावही न विचारता, तो मी गप्प राहिलो. एकी मोडायला नको, असं मी स्वतःला समजावलं.

केरबाने मात्र मला विचारलं. "राज आपलं झालं म्हनता. मंग पानी कुनाचं?"

"दम धर केरबा. आधी हिंदुस्थानात जाऊ. मग हे सगळं आपोआप होईल."

"आन तवर तहान लागली तर?"

"उतरून तुमच्या विहिरीवर पिऊन यायचं. पाच मिनिटांचं काम."

"हाव," तो म्हणाला. "तहानंला बी सांगून बगतो, दम धर म्हनून."

मांगवाडा पूर्वेच्या वेशीबाहेर होता. बेचाळीस पायऱ्या उतरून, गाव ओलांडून, विहिरीतून पाणी शेंदून परत चढायला पंधरा मिनिटं लागत. मला ते माहीत होतं. पंधरा मिनिटं पोस्ट रिकामी राहील, हे मला फौजेने शिकवलं होतं. पण खुरपणीचे दिवस, माणसं रानात, बदलीला रिलीव्हर द्यायला माणूस नाही. मी तसंच चालू दिलं.

श्रावणातला दिवस. चार दिवस पावसाने उघडीप दिली होती आणि ऊन तापलं होतं. केरबाची ड्यूटी दहा ते दोन. बारा चाळीसला मी वेशीपाशी रायफली साफ करत होतो. सवयीने बुरुजाकडे पाहिलं. बुरुजावर कुणी नव्हतं.

तेवढ्यात केरबा पूर्वेकडून पळत आला. हनुवटीवरचं पाणीही पुसलेलं नव्हतं. विहिरीच्या उंच काठावर उभं राहिलं की गावाच्या बगलेने ओढ्याचं वळण दिसतं. तिथे त्याला माणसं दिसली होती.

"वड्यातनं आलेत. पन्नास-साठ. बंदुकी हायेत."

"किती लांब?"

"आलेच. अर्दा कोस बी न्हाई."

तो बुरुजावर असता तर त्याने त्यांना ओढ्यात उतरतानाच, कोसभरावर पाहिलं असतं. आम्हाला अर्धा तास मिळाला असता. आता माझी चौदा माणसं रानात होती आणि बायकापोरं घराघरांत.

"वर जाऊ नको," मी म्हणालो. "बुरूज रेंजमध्ये येईल. इथूनच वाजव."

"हलगी वर हाय. आन हितनं रानात ऐकू जाईल का?"

मी काही बोलायच्या आत तो गेला होता. त्याचं घर वेशीबाहेर होतं. मागे फिरून बायको घेऊन उसात शिरला असता तर कुणी त्याला बोल लावला नसता.

आधी मयताचा ताल आला. बायका कडेवर पोरं घेऊन देवळाकडे धावल्या. मग पोळ्याचा. रानातून माणसं खुरपी टाकून पळत आली. कठड्याआड बसून वाजवलं तर आवाज दबतो, म्हणून केरबा उभा होता. खालून मला त्याचं डोकं आणि खांदे दिसत होते. पहिली गोळी सुटली तेव्हा ताल चुकला नाही. दुसरी सुटली, तेव्हाही नाही. तो किती वेळ वाजवत होता हे मी घड्याळात पाहिलं नाही. पण शेवटचा गडी येऊन हुसेनच्या शेजारी आडवा पडला, त्याने गोफणीत दगड भरला आणि मग हलगी थांबली.

"हुसेन, माझ्या हुकमाशिवाय फायर नाही."

"हाव."

"दोनशे पावलं. फायर."

आम्ही तीन व्हॉली, सगळ्यांनी एकदम, अशा झाडल्या. समोरच्यांना रिकामं, बेसावध गाव सांगितलं गेलं असावं. बावीस माणसं जागेवर पाहून त्यांचा धीर सुटला. त्यांनी दोन कडब्याच्या गंजी पेटवल्या आणि दोन वाजायच्या आत ते ओढ्यातूनच परत गेले. आमचे दोघे जखमी. देवळातल्या एकाही पोराला ओरखडा नाही.

मी बुरुजावर गेलो. केरबाला दोन गोळ्या लागल्या होत्या. हलगी अंगाखाली होती. त्याच्यापासून दोन हातांवर कोनाड्यात मडकं होतं, काठोकाठ भरलेलं. सकाळपासून कुणी त्याला हात लावला नव्हता. युद्धात मी रडलो नव्हतो. तिथे रडलो.

संध्याकाळी देवळापुढे गाव जमलं. कुणी म्हणालं, नशीब त्याचं. मी उठलो.

"नशीब नाही, रोस्टर. पोस्ट रिकामी राहिली ती माझ्या हुकमाने. पाणी वर होतं आणि मी त्याला खाली पाठवलं."

अप्पा म्हणाले, "तुज्या एकट्याच्या न्हाई. मी बी तोंड शिवून बसलो व्हतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी केरबाची बायको रखमा आपल्या विहिरीचं मडकं भरून गढीच्या दारात आली. कुणी तिला बोलावलं नव्हतं. म्हणाली, "वर ठिवा. पुडच्या गड्याला खाली उतराया नगं." मी ते वर नेलं आणि आधी मी प्यालो. अप्पा काठी टेकत बेचाळीस पायऱ्या चढून आले, धापा टाकत प्याले आणि मग त्यांनी गार्डच्या सगळ्यांना वर बोलावलं. चौघे प्याले नाहीत. त्यांची नावं मी भिंतीवरून पुसून टाकली. त्यातले दोघे तीन दिवसांनी मुकाट्याने परत आले. दोघे आलेच नाहीत. त्यानंतर बुरूज एक मिनिटही रिकामा राहिला नाही.

सप्टेंबरात भारतीय फौज संस्थानात शिरली. एकशे एकोणिसाव्या दिवशी आमच्या वेशीत एक जीप आणि दोन ट्रक येऊन थांबले. उतरला तो पंजाबी कॅप्टन होता, माझ्याच वयाचा. मी गार्ड फॉल-इन केला. धोतर नेसलेले, अनवाणी, पण ओळ सरळ होती. त्याने ओळीकडे पाहिलं आणि वायरलेसचा हँडसेट उचलला.

"टाकळवाडी अपने हाथ में है. पहले से. नो फायर. ओव्हर."

त्या 'पहले से' या दोन शब्दांनी माझी छाती फुगली. आजही फुगते. हिंदुस्थानने आम्हाला सोडवलं नाही. आम्ही सुटून, राज्य चालवून, ते ताठ मानेने हिंदुस्थानच्या हातात दिलं.

"कॅज्युअल्टी?" कॅप्टनने वही काढली.

"एक, साहेब. केरबा वाघमारे."

"रँक?"

आमच्या गार्डमध्ये रँक नव्हत्या. मी एकवीस वर्षांचा, फौजेतून सुटलेला लान्स नाईक. मला कुणाला बढती द्यायचा काडीचा अधिकार नव्हता.

"नाईक," मी म्हणालो.

त्याने लिहिलं. मग तो बुरुजाकडे तोंड करून उभा राहिला आणि त्याने सॅल्यूट केला. त्याच्यामागे ट्रकमधल्या जवानांनी केला, आमच्या अनवाणी ओळीने केला. पुढे मी पुन्हा फौजेत गेलो, मोठमोठ्या परेड पाहिल्या. तसा सॅल्यूट पुन्हा पाहिला नाही.

त्या वहीचं काय झालं मला ठाऊक नाही. कुठल्याही सरकारी यादीत केरबाचं नाव मला सापडलं नाही, आणि मी कमी हेलपाटे घातले नाहीत.

जीप गेल्यावर रखमा माझ्यापाशी आली.

"सायबानं काय लिवलं?"

"नाईक केरबा वाघमारे. ड्यूटीवर असताना पडला."

तिने मान हलवली. 

"डूटीवरच व्हते," ती म्हणाली. "पानी प्याया आलते, तवाबी."