हिरवी खूण

बाईंना साइटवर सगळे ‘ढगवाल्या बाई’ म्हणत. ड्रॉइंगमध्ये जिथे बदल झालेला असतो, तिथे ढगासारखी नागमोडी रेघ काढून तो भाग वेढायचा, ही त्या धंद्याची रीत. बाईंचे ढग मात्र एवढे ठसठशीत, की मुकादम म्हणायचे, “ताई, तुमचा ढग चष्म्याशिवाय दिसतो. बाकीच्यांचा चष्मा लावूनही दिसत नाही.”

सव्वीस वर्षं त्या ड्रॉइंगच्या मागे होत्या. सुरुवातीला ट्रेसिंग पेपर, शाईचं पेन, आणि चूक झाली की ब्लेडने खरवडणं. तेव्हा त्यांचा एक नियम होता: जुना कागद हातात पडल्याशिवाय नवा द्यायचा नाही. जुना घ्यायचा, समोरच फाडायचा, मग नव्याची घडी पुढे करायची. लोक चिडायचे, पण बाई बधायच्या नाहीत.

दोन वर्षांपूर्वी सॉफ्टवेअर आलं आणि हा नियम बासनात गेला. आता ड्रॉइंग चढवायचं, यादी निवडायची आणि ‘पाठवा’ दाबायचं. नऊ जणांना ईमेल जायची आणि ज्याने उघडली त्याच्या नावापुढे हिरवी खूण यायची.

त्या दिवशी सकाळी नऊ वीसला बाईंनी पाचव्या मजल्याच्या गॅलरीचं सुधारित ड्रॉइंग पाठवलं. गॅलरीच्या कडेला काचेऐवजी विटांची भिंत येणार होती. भार वाढला, म्हणून वरच्या थरातल्या प्रत्येक दोन सळ्यांच्या मधे आणखी एक सळी हवी होती. एकूण बावीस. गॅलरी हवेत बाहेर आलेली, खाली खांब नाही. त्या बावीस सळ्यांवाचून भिंत चढली, तर आज ना उद्या गॅलरी माणसांसकट खाली येणार. आणि काँक्रीट त्याच दिवशी, अकराला.

पावणेअकराला बाईंनी पडदा पाहिला. नऊच्या नऊ खुणा हिरव्या. बाईंनी चहाचा कप उचलला आणि तोंडाशी नेतानाच थांबवला.

मुकादमांची खूण नऊ एकवीसची होती.

मुकादम म्हणजे सळ्या बांधणाऱ्या टोळीचे म्होरके, सगळ्यांचे मामा. त्यांचा फोन दिवसभर खोपटात, डब्याच्या पिशवीत. हा माणूस एका मिनिटात ईमेल उघडतो? मग बाईंना आठवलं. मामांना ईमेल नव्हतीच. यादी भरताना रकाना रिकामा सोडता येत नव्हता, म्हणून बाईंनी स्वतःच त्यांच्या मुलीचा पत्ता टाकला होता. तात्पुरता.

त्यांनी मुलीला फोन लावला. ती कुजबुजत बोलली, “मावशी, वर्गात आहे मी. हो, उघडलं ना लगेच. ओके पण दाबलं.”

“बाबांना सांगितलंस?”

“संध्याकाळी सांगते की. रोज संध्याकाळीच दाखवते मी त्यांना.”

मामांचा फोन वाजत राहिला. साइट इंजिनिअरचा व्यस्त. बाईंनी ड्रॉइंग छापायचा प्लॉटर चालू केला. तो सुतासुताने कागद बाहेर सोडू लागला तसा त्यांचा जीव टांगणीला लागला. शेवटचा इंच त्यांनी ओढूनच घेतला.

ऑफिसपासून साइट दोन गल्ल्या. बाई धावल्या. फाटकात काँक्रीटची गाडी उभी, तिचं पिंप घरघरत फिरतंय. पाच मजले. तिसऱ्यावर हेल्मेट डोळ्यांवर आलं, चौथ्यावर गुडघ्याने कुरकुर केली. वर पोचल्या तेव्हा पंपाची नळी स्लॅबच्या लांबच्या टोकाला काँक्रीट ओकायला लागलेली होती.

“थांबवा!”

तरुण इंजिनिअर वळला. “मॅडम, काय झालं? सिस्टिममध्ये सगळं हिरवं आहे.”

“तुमचंही हिरवं आहे. उघडलंत, की वाचलंत?”

तो मामांकडे बघून फणकारला, “मामा, तुमच्या नावापुढे तर ‘पाहिले’ आलंय. मग बांधलं का नाही? आता निस्तरा तुम्हीच.”

मामांनी एकदा बाईंकडे पाहिलं. पत्ता कुणाचा, हे त्यांना ठाऊक होतं. पण त्यांनी फक्त हातमोजा काढून खिशात कोंबला.

“त्यांनी पाहिलेलं नाही,” बाई म्हणाल्या. “तो पत्ता त्यांच्या मुलीचा आहे. मी टाकलाय. चूक माझी.”

“म्हणजे? गाडी परत पाठवू? तासाभरात दगड होईल तिचा!”

मामांनी तोवर कागद घेऊन ढगावर बोट ठेवलं होतं. “गाडी कशाला परत? त्या टोकाकडून इकडे गॅलरीपर्यंत यायला पंपाला पाऊण तास लागेल. साहेब, नळी जरा सबुरीने फिरवा. ए, खाली हाक मार! बारा एमएमच्या बावीस काप, ह्या मापाच्या. आणि कात्री चालू दे, तोंड नको.”

मग सुरू झाली शर्यत. दोरीने सळ्यांचे भारे वर येत होते. चौघे फिटर ओणवे होऊन तार पिळत होते. मागे काँक्रीट लापशीसारखं पसरत पुढे सरकत होतं. बाई कागद धरून मोजत होत्या: अकरा, बारा. नळी स्लॅबच्या मध्यावर आली. सोळा. एक सळी आखूड निघाली. मामांनी ती शिवी देऊन फेकली, दुसरी मागवली. एकोणीस. काँक्रीटचा ओघळ मामांच्या बुटाला लागला.

“एकवीस,” बाईंचा आवाज चिरकला.

“ताई, मला पण मोजता येतं हो,” मामा दातांत तार धरून म्हणाले आणि बाविसावी पिळली.

इंजिनिअरने स्वतः वाकून सगळ्या सळ्या तपासल्या, मान हलवली. नळी गॅलरीवर आली.

मामांनी शर्टाच्या खिशातून घामाने मऊ पडलेला जुन्या ड्रॉइंगचा कागद काढला आणि पुढे केला. “घ्या. तुमचा नियम. दोन वर्षं कुणी मागितला नाही.”

बाईंनी तो घेतला आणि तिथेच चार तुकडे केले.

ऑफिसात परतल्यावर त्या पडद्यासमोर बसल्या. ऑफिसातल्या मोठ्या साहेबांना कळण्याआधी आपणच कळवलेलं बरं. लिहिलं, ‘मुकादमांच्या नावापुढचा पत्ता चुकीचा होता. तो मी टाकला. यापुढे जुना कागद परत आल्याशिवाय काँक्रीट होणार नाही.’ यादी निवडली, ‘पाठवा’ दाबलं.

मिनिटभरात पहिली हिरवी खूण उमटली. मामांच्या नावापुढे.

बाईंनी कपाळाला हात लावला. पाठोपाठ फोनवर मेसेज आला: ‘मावशी, हे पण संध्याकाळीच सांगू का, की आत्ता वर्गातून उठू?’