उजव्या बाहीचा लांडगा

माझे वडील फौजेसाठी बिल्ले भरायचे. कापडावर, रेशमी दोऱ्याने. जन्मात बंदूक हातात धरली नाही, पण त्यांचं बोलणं ऐकावं तर सगळ्या लढाया यांनीच मारल्या. घरात टेकायला एक खुर्ची मोकळी नसायची. जिकडेतिकडे गरुड, साप आणि तलवारी वाळत पडल्यासारख्या.

दादाच्या तुकडीचा लांडगा त्यांनीच रेखला. अधिकाऱ्यांना तो दात विचकलेला हवा होता. "दात दाखवले की हसल्यासारखा दिसतो," असं सांगून बाबांनी मिटल्या तोंडाचाच भरला. आणखी एका बाबतीत ते कुणाच्या बापाचं ऐकत नसत. प्राण्याचं तोंड चालण्याच्या दिशेलाच हवं. म्हणून प्रत्येक बाहीचा लांडगा निराळा, नमुने दोन.

युद्ध सुरू झालं आणि कचेरीतून निरोप आला, घाई आहे, एकच नमुना दोन्ही बाह्यांना चालवा. बाबांनी दोन दिवस आदळआपट केली, आईवर आणि माझ्यावर राग काढला, आणि शेवटी मुकाट्याने भरून दिले. उजव्या बाहीवरचे सगळे लांडगे मागे बघत आघाडीवर गेले.

तीन महिन्यांनी तुकडी माघार घेऊन परतली. दादा दारात उभा राहिला, एक हात गळ्यात बांधलेला. मी रडत त्याला मिठी मारली. बाबा त्याच्या उजव्या बाहीकडे बघत होते.

"माझंच चुकलं," ते म्हणाले. "मागे बघणारं चिन्ह लावल्यावर माणसं पळणार नाहीत तर काय!"

"पळालो नाही, बाबा. पूल उडाला होता. हुकूम आला, फिरलो. म्हणून सत्तर जण जिवंत आहोत."

"गावभर पळपुटेच म्हणतायत तुम्हाला."

दादा थकलेला होता. खालच्या आवाजात त्याने विचारलं, "लांडगा बरोबर भरला असता आणि मी तिकडेच मेलो असतो, तर चाललं असतं तुम्हाला?"

बाबा विचार करू लागले. एवढ्याशा प्रश्नाला त्यांना विचार करावा लागला, आणि मला त्यांची किळस आली.

"कळलं," म्हणत दादाने पिशवी पुन्हा खांद्याला अडकवली. मी त्याच्यामागे जिना उतरत होते, तेवढ्यात बाबा वरून ओरडले, "अगं, त्याला शर्ट तरी काढून ठेवायला सांग! उजवी बाही नीट करून देतो."