मरोद्यात तबकडी उतरवणाऱ्या कुसुमताई

कुसुमताई धांडे यांचा आणि माझा परिचय रेल्वेच्या डब्यात झाला. मी तेव्हा दुर्ग लाईनवर तिकीट तपासनीस होतो. नागपूरहून येणाऱ्या गाडीत एक बिनतिकीट महाशय मलाच कायदा शिकवत होते आणि मी माझ्या स्वभावाप्रमाणे तापलो होतो. समोरच्या बाकावरच्या एक बाई हातातलं विणकाम थांबवून हा सगळा प्रकार चष्म्यावरून पाहत होत्या. ते महाशय डोंगरगडला उतरून गेल्यावर त्यांनी मला विचारलं, "तुम्ही नाटकात काम करता का?"

"नाही," मी म्हणालो.

"कावून नाही? एवढा राग फुकट चालला तुमचा."

त्या नंदिनी नगरच्या शाळेत गणित शिकवतात आणि भिलाईच्या आमच्या मराठी मंडळाची गणेशोत्सवातली नाटकं बसवतात, हे मला त्याच प्रवासात कळलं. पुढच्या गणपतीत मी रंगमंचावर उभा होतो. तेव्हापासून आजपर्यंत ताईंनी मला एकही सौम्य भूमिका दिलेली नाही.

ताईंच्या पंच्याहत्तरीच्या या गौरवग्रंथासाठी लेख मागायला मंडळाचे कार्यवाह माझ्या घरी आले. भला माणूस आहे. चहा घेता घेता म्हणाले, "काका, ताईंच्या मायेवर लिहा. त्यांच्या हातच्या सांबारवडीवर लिहा. विरंगुळा केंद्रावर तर लिहाच. फक्त तो पिक्चरचा विषय नको. जुनं झालं ते."

मी त्यांना दुसरा चहा दिला आणि सांगितलं, की मी पिक्चरवरच लिहीन, नाहीतर काहीच लिहिणार नाही. शेवटी लेख जसाच्या तसा छापण्याचा शब्द देऊन ते गेले. ताईंची सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, उत्तमच असते. पण ज्या बाईंनी सत्तरीच्या उंबरठ्यावर, वैधव्याचं दुःख गिळून, या भिलाईत एक अख्खा विनोदी विज्ञानपट उभा केला, त्यांच्या पंच्याहत्तरीला आपण त्यांची वडी आठवणार असू, तर हा गौरव नव्हे. हे त्यांचं काम पुसून टाकणं आहे. एखाद्या पुरुषाने चित्रपट काढला असता तर त्याच्या गौरवग्रंथात त्याच्या भाजीच्या चवीवर लेख मागवले असते का?

आता त्या चित्रपटाविषयी. यजमान गेल्यावर ताई भिलाईतल्याच मरोद्याला राहायला आल्या. शेजारी सगळी निवृत्त मंडळी. मुलं पुण्याला, बंगळुरूला, परदेशात. एका संध्याकाळी त्यांनी मला आणि दत्तूभाऊ पाठराबे यांना घरी बोलावलं. दत्तूभाऊ म्हणजे रेल्वेचे जुने इंजिन ड्रायव्हर. पत्नी निवर्तलेल्या, एकुलता मुलगा परदेशी, शेजारच्या रिसालीला एकटेच राहतात. ताईंनी आम्हाला गोष्ट सांगितली. नाव होतं 'पाहुणे वरून आले'.

परग्रहावरचे लोक पृथ्वी जिंकायला मरोद्याच्या तलावाकाठी उतरतात. त्यांच्या अंगावर चकचकीत चंदेरी कोट असतात. पण भिलाईच्या लोकांना त्याचं काय कौतुक? इथल्या पोलाद कारखान्यात भट्टीवर काम करणाऱ्यांचा तसाच कोट असतो. लोकांना वाटतं, ही मंडळी पाळी संपवून आली. कोणी चहा पाजतं, कोणी पाण्याच्या टाकीविषयी तक्रार करतं. आक्रमण झालं आहे हे कोणाच्या लक्षातच येत नाही. शेवटी कंटाळून त्यांचा सेनापती ठरवतो, की आधी ज्यांची कोणाला गरज नाही अशी माणसं उचलून न्यावीत, म्हणजे विरोध होणार नाही. ते घरोघरी विचारत जातात, आणि घरोघरीचे लोक आपली म्हातारी माणसं काढून देतात. एक मुलगा फोनवरून म्हणतो, "घेऊन जा, पण बीपीच्या गोळ्या सोबत न्या. नंतर आम्हाला फोन नको."

मी हसलो. दत्तूभाऊ हसतच राहिले.

सेनापतीचं काम माझ्याकडे आलं, हे सांगायला नकोच. जुन्या बाजारातून चंदेरी कोट आणले. दोन टाकाऊ डिश अँटेना एकमेकींवर पालथ्या जोडून तबकडी झाली. तबकडीच्या आतला भाग म्हणजे ताईंचं स्वयंपाकघर, ज्याला आम्ही चंदेरी कागद चिकटवला होता. कॅमेऱ्यावर रिसालीचे साहूजी होते. आयुष्यभर लग्नांचं शूटिंग केलेला हा सज्जन छत्तीसगढी माणूस सुरुवातीला प्रत्येक परग्रहवासीयाला म्हणायचा, "भैया, थोड़ा मुस्कुराओ." ताईंनी त्यांना लग्न आणि आक्रमण यांतला फरक समजावून सांगितला. साहूजी म्हणाले, "दीदी, ज्यादा फरक तो नहीं है."

ताई कामात कडक. संवाद पाठ नसेल तर त्या रागवत नसत, नुसतं विणकाम हातात घेत. ते पाहिलं की आम्ही वही घेऊन कोपऱ्यात पळत असू. पण त्या कडकपणाच्या आत काय होतं ते मी एकदा पाहिलं, आणि ते सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

फोनचा प्रसंग घ्यायचा होता. म्हाताऱ्याच्या कानाला फोन, आणि पलीकडून मुलगा परवानगी देतो. मुलाचं काम करणारा गृहस्थ त्या दिवशी आला नाही. ताई म्हणाल्या, "दत्तूभाऊ, फोन बंदच असू द्या. पलीकडून कोणी बोलून राहिलं असं समजा." दत्तूभाऊंनी फोन कानाला लावला.

"हो रे बाळा," ते म्हणाले. "नाही, मी रागावलो नाही. तू जेवला का?" इथपर्यंत लिहिलेले संवाद होते. पुढचे नव्हते. "तुझ्या आईच्या वेळेस तुले सुट्टी नाही भेटली, मले माहीत हाय. ते बी ठीक हाय. मी तुह्या खोलीत रोज झाडून घेतो. उशी उन्हात ठेवतो. नाही नाही, तू ये असं नाही म्हणून राहिलो मी. असंच सांगितलं." आणि ते बोलतच राहिले, त्या बंद फोनवर. साहूजींनी कॅमेरा थांबवला नाही, पण त्यांचे डोळे मी पाहिले.

शेवटी ताई उठल्या. त्यांनी दत्तूभाऊंच्या हातून फोन हळूच घेतला, त्यांना आत नेऊन बसवलं, पाणी दिलं. परत आल्या आणि साहूजींना म्हणाल्या, "हे पुसून टाका."

मी उसळलो. "ताई, याच्यापेक्षा चांगलं कोणालाच करता येणार नाही! अख्खं सभागृह रडेल!"

"रडवणं काय, कांदाबी रडवते," ताई म्हणाल्या. "ते त्यांचं हाय, पिक्चरचं नाही. पुसा."

त्यांच्यासमोर साहूजींनी ते पुसलं. मग बाहेर येऊन दत्तूभाऊंनी तोच प्रसंग पुन्हा केला, विनोदी, जसा लिहिला होता तसा. चित्रपटात तो आहे. एवढी सभ्यता मी फार थोड्या माणसांत पाहिली आहे.

आणि याच बाईंवर आपल्या मंडळाने असभ्यतेचा ठपका ठेवला.

गणेशोत्सवात मंडळाच्या सभागृहात चित्रपट लावला. पहिला अर्धा भाग लोक पोट धरून हसले. चंदेरी कोटातल्या मला कॉलनीचे सेक्रेटरी गणपतीची वर्गणी मागतात, तिथे तर शिट्ट्या पडल्या. मग तो फोनचा प्रसंग आला. पुढच्या रांगेत बाहेरगावाहून सुट्टीवर आलेली काही मुलं, सुना बसल्या होत्या. कोणीतरी "हे काय?" असं म्हणालं. तेवढ्यावर आपले अध्यक्ष मधुकरराव उठले आणि दिवे लावायला सांगितले.

"हे काय दाखवून राहिले तुम्ही?" ते ताईंना सर्वांसमोर म्हणाले. "आपली पोरं तिकडे दिवसरात्र मेहनत करतात, त्यांचा असा अपमान? बंद करा."

"मधुकरराव, पुढं म्हातारे जिंकतात," ताई म्हणाल्या. "शेवट तर पहा."

"शेवट नको न् काही नको. बंद म्हणजे बंद."

पडदा पांढरा झाला. मी ओरडायला उठलो होतो, पण ताईंनी हातानेच मला बसवलं. पदर खोचून त्या कोऱ्या पडद्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि शाळेत गणित समजावतात तशा स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "ज्यांना जायचं हाय त्यांनी जावं. बाकीच्यांना मी पुढची गोष्ट सांगते."

निम्मं सभागृह गेलं. निम्मं राहिलं. ताई सांगू लागल्या. तबकडीत पोचलेले म्हातारे परग्रहवासीयांना कसे सळो की पळो करतात: कोणाला मऊ भात हवा, कोणाला गुडघ्याला मलम, आजीबाई म्हणतात तबकडीत केर काढलेला नाही. सेनापती हात टेकतो आणि सगळ्यांना परत आणून सोडतो. पण घरी येऊन बघतात तर खोल्या भाड्याने गेलेल्या, खाटेच्या जागी व्यायामाचं यंत्र. इथे दुसऱ्या रांगेतून दत्तूभाऊ उठले. कोणी सांगितलं नव्हतं. ताईंच्या शेजारी जाऊन त्यांनी आपला संवाद म्हटला, "चला रे, गाडीत बसा. इंजिन मले चालवता येते." मग मीही गेलो. म्हातारे तबकडी घेऊन निघून जातात, परग्रहवासी तलावाकाठी उभे राहतात, आणि तीच घरं त्यांना हात धरून आत नेतात, कारण ते तरुण आहेत, कामाचे आहेत. असा तो शेवट. लोक हसत होते आणि हसताना एकमेकांकडे पाहत नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून मंडळी ताईंच्या घरी येऊ लागली. "काल सांगितलं ते दाखवा ना व ताई." ताईंनी बैठकीतल्या टीव्हीवर दाखवलं. ऐकून आणखी लोक आले. कोणी दुसऱ्यांदा आले, कोणी चिवडा घेऊन आले. चित्रपट संपल्यावरही उठेनात. दुपारी ताईंकडे जमायचं, हा मरोदा-रिसालीच्या म्हाताऱ्यांचा परिपाठच झाला. कोणी पडलं तर कोणाला फोन करायचा, दवाखान्यात कोणी सोबत जायचं, हे तिथेच ठरू लागलं. दत्तूभाऊंना एकदा ताप भरला तेव्हा ते आले नाहीत हे अर्ध्या तासात सगळ्यांच्या लक्षात आलं, आणि साहूजींनी गाडी काढली.

यालाच आज आपण 'मंडळाचे विरंगुळा केंद्र' म्हणतो. पाटी मंडळाची, उद्घाटनाच्या फोटोत मंडळाचे पदाधिकारी. ज्या चित्रपटामुळे ते जन्मलं, तो मात्र 'जुना विषय'! मला याचा संताप येतो, आणि पंच्याहत्तरीच्या मंगल प्रसंगी संताप शोभत नाही असं कोणी म्हणेल, तर मी म्हणेन की कोऱ्या पडद्यासमोर एका बाईला उभं राहावं लागलं तेही आपल्याला शोभलं नव्हतं.

हे सगळं मी ताईंना जाऊन सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. "मले शाल नको," एवढंच म्हणाल्या. "सत्काराच्या दिवशी पिक्चर पूर्ण दाखवा." आणि मला सोबत घेऊन थेट मधुकररावांकडे गेल्या. मधुकरराव नेहमीचंच बोलू लागले. आतून त्यांच्या पत्नी सुमनवहिनी पोहे घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "दाखवा ना, काय होते? मी ताईंकडे तीनदा पाहून आली."

मधुकरराव बराच वेळ पोहेच खात राहिले. मग म्हणाले, "तुम्ही मले सांगितलं नाही ते?"

"तुम्ही विचारलं कुठं?"

तेव्हा सत्काराच्या दिवशी 'पाहुणे वरून आले' सुरुवातीपासून शेवटपर्यंत दाखवला जाईल, असं अध्यक्षांनी मान्य केलं आहे. त्यांच्या या मोठेपणाची मी मनापासून नोंद करतो. हे मान्य करायला त्यांना इतका काळ लागला, हेही मी विसरलेलो नाही. हा लेख तुमच्या हाती जसाच्या तसा आला असेल, तर कार्यवाहांनीही शब्द पाळला.

परतताना ताईंनी पुढच्या चित्रपटाची गोष्ट सांगितली. त्यात मुख्य भूमिका नव्वदीच्या बाईची आहे. मी दोन-तीन नावं सुचवली, रंगभूषेने वय वाढवता येईल असंही म्हणालो. ताईंनी नकारार्थी मान हलवली.

"रंग लावून नाही चालत. ते मीच करीन. नव्वदीची झाली की शूटिंग सुरू करू."

दत्तूभाऊंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी बोटांवर स्वतःचं वय मोजलं आणि म्हणाले, "सांगा त्यांना, मी हाओ." साहूजींनी कॅमेरा दुरुस्तीला टाकला आहे. आदरणीय कुसुमताईंना निरोगी, ठणठणीत, भांडखोर दीर्घायुष्य लाभो. आम्ही सगळे तारखेची वाट पाहत आहोत.