रिंगणातली बाई

फ्रान्समधल्या आर्ल्स गावाची दोन हजार वर्षं पाऊण तासात उरकावीत तर ती त्रोफीम आर्नोदेनंच. रोमन सुभेदार झाला की तो पोट पुढे काढायचा, गॉथ झाला की गुरगुरायचा आणि रोमनांच्या रिंगणाची गढी करून त्यावर बुरूज चढवणाऱ्यांसाठी नुसत्या भुवया चढवायचा. गाईड म्हणून बावीस वर्षांत त्याचं नाव झालं ते मात्र रिंगणातल्या बाईमुळे.

गढीच्या पोटात पुढे वस्ती झाली होती. ग्लॅडिएटर मेले त्याच जागी दोनशे घरं, दोन देवळं, कोंबड्या, वाळत घातलेले परकर. दीडशे वर्षांपूर्वी सरकारनं ती पाडून रोमनांना मोकळं केलं. गोष्ट इथवर आली की त्रोफीम एका कमानीत चढायचा, ओठ आत ओढायचा आणि कमरेवर हात ठेवायचा.

"व्हा रं बाजूला, पानी टाकत्ये. मागनं म्हनू नगा सांगितलं न्हाई. तुमचा रोम ऱ्हाऊ द्या तिकडं, माजी कोंबडी कुटं हाय?"

लोक पोट धरून हसायचे. "अशा घाणीतून आमचं गाव वर आलं, मंडळी," म्हणत तो पुढच्या शतकात शिरायचा.

एप्रिलमध्ये म्हाताऱ्यांच्या मंडळाची सहल आली. त्यांत उलाली मावशी आहे हे त्याला दिसलंच नाही. ती मागे सावलीत टेकली होती. आई गेल्यावर त्याला वाढवलं ते तिनंच. तिची आज्जी याच कमानींत जन्मलेली, म्हणून मावशी कधी रिंगण बघायला आली नव्हती. "आपल्याच घरी कुनी पाव्हनं जातं व्हय?" म्हणायची.

बाईचं सुरू झालं आणि मागून मावशीचं हसू ऐकू आलं. मग ते थांबलं. त्रोफीमला कळलं, पण तोंड आपलं चालूच राहिलं, कोंबडीपर्यंत.

"अगं उलाली, ही तर तूच की," शेजारची नोएमी म्हणाली. सगळे वळले आणि दुप्पट हसले. मावशी रोज वरच्या मजल्यावरून गल्लीत धुण्याचं पाणी टाकायची, ती याच शब्दांनी ओरडून.

"मधला खोकला ऱ्हायला त्याचा," मावशी म्हणाली आणि हसली.

काहीतरी बोलायला हवं होतं. त्रोफीमच्या तोंडून सवयीनं आलं, "अशा घाणीतून आमचं गाव वर आलं, मंडळी."

रविवारी तो नेहमीसारखा मावशीकडे जेवायला गेला. एरवी तो जिन्यात असतानाच वरून आवाज यायचा, "आलं का गाढव? पाय पूस, फरशी तुज्या बापानं न्हाई पुसली." आज दार मुकाट्यानं उघडलं.

"ये, त्रोफीम. कोट इकडे दे. बैलाचं मटण केलं आहे. मीठ बरोबर आहे का पाहा." रेडिओवर बातम्या देणाऱ्या बाईसारखं, शब्द न् शब्द इस्त्री केलेला.

"मावशी, शिवी घाल हवं तर."

"शिवी कशाला? तुझं कामच आहे ते. लोकांना आवडतं."

"अशी नको ना बोलू."

"मग कशी बोलू?" तिनं खरंच विचारलं. "तुला येतं छान. तूच सांग."

तिला खोकला आला, तर तिनं आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तोंडात रुमालच कोंबला.

गुरुवारी ल्योंचं एक जोडपं पोरीला घेऊन दुसऱ्यांदा आलं. "त्या बाईचं करा ना," म्हणाले. त्रोफीम कमानीत चढला. ओठ काही आत जाईनात.

"इथं माझी पणजी जन्मली," तो म्हणाला.

"लोकांवर पाणी टाकायची तीच का?" पोरीनं विचारलं.

"टाकायची. पण आधी सांगून."

कुणी हसलं नाही. संध्याकाळी तो मुद्दाम मावशीच्या खिडकीखाली जाऊन उभा राहिला. डोक्यावर पडलं असतं तरी त्याला चाललं असतं. वरून काहीच आलं नाही. खालचं दार उघडलं. ऐंशी वर्षांची मावशी भरलेली बादली घेऊन दोन मजले उतरून आली होती. तिनं वाकून ते पाणी गटारात ओतलं, हळूहळू, आवाज होऊ न देता.