टीव्हीला ओवाळणाऱ्या नलिनीकाकू

निकाल मीच फोडला. जिना उतरताना फोनवर बातमी दिसली आणि मी थेट स्वयंपाकघरात डोकावून ओरडलो, “काकू, तुमची येसूबाई जिंकली!”

मालिकांचे हे पुरस्कार सोहळे आधी चित्रित करून ठेवतात आणि टीव्हीवर सावकाश दाखवतात. मधल्या दिवसांत निकाल बाहेर येतोच. नलिनीकाकूंना मात्र तो रविवारी, टीव्हीसमोर बसून, धडधडत्या छातीनं ऐकायचा होता.

“मेल्या, तुझ्या डभोईच्या शाळेत तोंड मिटायला शिकवत नाहीत का रे?” त्या कडाडल्या. मग गॅस बारीक करून, हळूच, “पण नक्की ना?”

काकू माझ्या घरमालकीण. बडोद्याच्या निजामपुऱ्यात त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत मी राहतो. भाडेकरू मी नावालाच, खरं काम त्यांच्या मालिकेच्या गप्पांना हो ला हो म्हणण्याचं. येसूबाई ही त्या मालिकेतली स्वयंपाकीण. मोहना नावाची नटी ते काम करते. तिच्या वाट्याला रोज दोन वाक्यं. एक, “चहा आणते.” दुसरं, “ताईसाहेब, बाहेर कोणी आलंय.” पण काकूंचा जीव तिच्यावर. “बाकी सगळे रिकामे कप तोंडाला लावतात. हिच्या हातात कप भरलेला वाटतो. बघ, चालते कशी!”

शेजारच्या हंसाबेन काकूंच्या संगतीनं मराठी मालिका बघायला लागल्या, पण त्यांचं मत नायिकेला. नायिका सुंदर रडते म्हणून. “नलिनीबेन, तमारी कामवाळीने कोण इनाम आपे?” म्हणजे कामवालीला कोण बक्षीस देणार, असं त्या भाजी निवडतानासुद्धा टोचायच्या. काकू मग वांगी जोरात चिरायच्या.

त्यामुळे माझी बातमी ऐकल्यावर काकूंनी मला शपथ घातली, कोणाला सांगायचं नाही, आणि स्वतः मात्र गल्लीतल्या सगळ्या बायकांना रविवारी टीव्हीसमोर बोलावलं. हंसाबेनना तर दोनदा. येसूबाई मंचावर येणार, भाषण करणार, आणि हंसाबेन ते पहिल्या रांगेतून बघणार, एवढंच काकूंना हवं होतं. वर औक्षण. या घरात कोणाचंही काही चांगलं झालं की ओवाळतात. मला गॅसचं कनेक्शन मिळालं तेव्हा मलाही ओवाळलं होतं. गेल्या वर्षीपासून काकू टीव्हीलाही ओवाळू लागल्या होत्या.

याला विरोध फक्त काकूंच्या यजमानांचा, विश्वंभरकाकांचा. रिफायनरीत आग लागू नये हे बघण्यात जन्म गेला त्यांचा.

“अगं, पडद्यापासून हातभर लांब. आणि पदर खोच.”

“तुम्ही बादली घेऊनच बसा ना शेजारी!”

काका खरोखर बसले होते, बादली घेऊन.

रविवारी कार्यक्रम सुरू झाला. नाच झाला, विनोद झाले, पुन्हा नाच झाला. काकू तबक मांडीवर घेऊन ताठ बसल्या होत्या. जाहिराती संपत आल्या तशा त्या निरांजन लावायला स्वयंपाकघरात गेल्या. काडेपेटी जागेवर नव्हती. काकांनी खबरदारी म्हणून ती फळीवर डब्यांच्या मागे ठेवली होती.

आणि तेवढ्यात पडद्यावर ‘इतर मानकरी’ अशी पाटी आली. खाली संगीत, वर भराभर सरकणारे चेहरे. त्यात मोहना होती. हातात पुरस्काराची बाहुली, तोंड हलतंय, पण आवाज नाही. मी “काकू!” म्हणेपर्यंत तिथे वेशभूषाकार आले होते.

काकू निरांजन लावून, हात आड धरत, बाहेर आल्या. “आली का?”

हंसाबेन म्हणाल्या, अगदी हळू, “ए तो आवीने गई, बेन.”

“गेली? आणि भाषण?”

“भाषण नाय दाखवलं,” हंसाबेन म्हणाल्या.

काकू उभ्याच राहिल्या. पुढे नायिकांच्या गटात नायिका जिंकली. तिचं भाषण मात्र आईवडिलांपासून केशरचनाकारापर्यंत सगळं दाखवलं. हंसाबेननी एकही टाळी वाजवली नाही. त्या उठून काकूंच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. लावलेलं निरांजन फुंकायचं कसं? काकूंनी पदर खोचला आणि त्या रडणाऱ्या नायिकेलाच ओवाळलं. “घे बाई. पण चार ओळी तिच्या दाखवल्या असत्या, तर तुझं काय गेलं असतं?”

“नलिनीबेन, एनो वांक नथी, तिचा काय दोष,” हंसाबेन म्हणाल्या. नायिकेची बाजू त्या दिवसभरात पहिल्यांदाच घेत होत्या.

बायका गेल्यावर मी फोनवर मोहनाचा बाहुलीसकट फोटो शोधून काढला. म्हटलं, घ्या, ओवाळा.

काकू भडकल्या. “फोटोला? अरे, ती जिवंत आहे! फोटोला हार घालतात. मला बोलणारी आण. निकाल तूच फोडलास ना? मग भाषणही तूच आणायचं.”

मी शोधलं. ते कापूनच टाकलंय बहुतेक. शेवटी मोहनाच्या पानावर लिहिलं, की बडोद्यात एक काकू तुमचं भाषण ऐकायच्या राहिल्यात, तेवढं पुन्हा फोनवर बोलून पाठवाल का? अजून उत्तर नाही. मी ऑफिसला निघालो की काकू रोज विचारतात, “बोलली का रे?” मी म्हणतो, “उद्या.” हंसाबेनही आता गॅलरीतून तेच विचारतात, त्यामुळे मी जिना उतरताना चपला हातात घेतो.