महिनाभराचा कुत्रा

आमच्या घरी एक कुत्रा महिनाभर राहिला आणि माझ्यामुळे गेला. ही गोष्ट मी आईला तिच्या शेवटपर्यंत सांगितली नाही. बाबांनाही नाही. माझ्या मुलांना सांगताना मी "आमच्याकडे थोडे दिवस एक कुत्रा होता" एवढंच म्हणते आणि विषय मांजरीवर नेते. मांजरीबद्दल मी तासभर बोलू शकते.

पन्नासचं दशक सरत आलं होतं, मी अकरा वर्षांची होते. बाबा जयपूरला कॉलेजात होते. डॉक्टर होते, पण दवाखान्यातले नव्हेत. डॉक्टर होऊ घातलेल्या मुलांना ते फिजिऑलॉजी शिकवायचे. हृदय कसं चालतं, रक्तदाब कसा चढतो-उतरतो, हे मुलांना जिवंत प्राण्यावर दाखवायची तेव्हा रीत होती. बहुतेक वेळा बेडूक, आणि वर्षातून काही वेळा कुत्रे. ते गल्लीबोळांतून पकडून आणलेले असत आणि कॉलेजच्या मागे पिंजऱ्यात ठेवलेले असत. टेबलावर गेलेला कुत्रा परत येत नसे. बाबा याबद्दल घरी चकार शब्द काढत नसत, पण मला माहीत होतं. क्वार्टर्समधल्या सगळ्याच मुलांना माहीत होतं.

असा एक कुत्रा बाबा एका गुरुवारी टांग्यात घालून घरी घेऊन आले. मातकट रंगाचा, साधा, रस्त्यावर शंभर दिसतात तसला. मानेवरचे केस एका बाजूनं तासून काढलेले होते.

"अहो, हे काय आणलंत?" आईनं दारातच विचारलं.

"मान साफ करून झाली होती," बाबा म्हणाले. "तेवढ्यात त्यानं माझ्या मनगटावर हनुवटी टेकली. मग मला पुढे काही करता येईना."

आई सांगलीकडची, दत्तभक्त. गुरुवारचा तिचा उपास असायचा आणि देवघरात दत्ताची मोठी तसबीर होती. तसबिरीत पायाशी चार कुत्री होती, पण ती तसबिरीत. घरात कुत्रं म्हणजे तिच्या सोवळ्याची वाट लागणार होती. बाबांनी मुद्दाम गुरुवार गाठला होता, हे तिला कळत होतं आणि गुरुवारी दाराशी आलेल्या कुत्र्याला हाकलायचं कसं, हे कळत नव्हतं. ती बराच वेळ कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"महिनाभर बघू," ती शेवटी म्हणाली. "मांजर नि पोपट सुखानं राहिले, आल्यागेल्याला त्रास झाला नाही, तर राहील. नाहीतर जिथून आणलात तिथे परत. आणि नाव महिन्यानंतर ठेवायचं. नाव ठेवलं की माया लागते."

जिथून आणला तिथे म्हणजे कुठे, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

पोपटाचा प्रश्न पहिल्याच दिवशी सुटला. तो पिंजऱ्यातून भिजवलेली हरभऱ्याची डाळ खाली उडवायचा आणि कुत्रा ती वेचून खायचा. दोघांचं जमलं. जमलं नाही ते मांजरीचं. ही मांजर आईनं माहेराहून वेताच्या टोपलीत घालून, दोन दिवसांच्या रेल्वेच्या प्रवासात मांडीवर सांभाळून आणलेली. तिच्याशी आम्ही मराठी बोलायचो आणि कुत्र्याशी हिंदी. कुणी ठरवलं नव्हतं. दूधवाला, धोबी, टांगेवाला यांच्याशी जी भाषा, तीच तोंडातून यायची. आज त्याचीही लाज वाटते, पण माझ्या लाजेच्या यादीत ती फार खाली आहे.

कुत्रा आल्या दिवशी मांजर कोठीच्या खोलीतल्या कपाटावर चढली ती उतरेचना. तिथेच खायची, तिथेच झोपायची. तोवर ती रोज दुपारी माझ्या पोटावर झोपत असे. त्या शहरात मला मैत्रिणी फार नव्हत्या. शाळेत माझ्या हिंदीला हसायचे. ती मांजर हेच माझं सगळं होतं, आणि हा कोण कुठला येऊन तिला कपाटावर चढवून बसला होता. त्यानं तिच्याकडे कधी मान वर करून पाहिलंदेखील नव्हतं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर तो पुढचे पाय जुळवून बसे, आईनं सांगितल्याशिवाय आत येत नसे. मला त्याचं ते शहाण्यासारखं वागणंच डोक्यात जायचं.

पहिल्या आठवड्यात एकदा बाबा घाईघाईत कॉलेजचा पांढरा ॲप्रन तसाच अंगावर ठेवून घरी आले. कुत्र्यानं त्यांना पाहिलं आणि तो सरपटत पलंगाखाली गेला. जमीन ओली झाली. बाबांनी ॲप्रन काढून बाहेर फेकला आणि ते पलंगापाशी उकिडवे बसून राहिले. मग मला आणि आईला जवळ बोलावून म्हणाले, "तो घरात असेपर्यंत हा कपडा त्याच्या नजरेला पडता कामा नये. धोब्यालाही मागच्या दारानं यायला सांगा." धुतलेले ॲप्रन त्या दिवसापासून बाहेरच्या खोलीतल्या ट्रंकेत राहू लागले.

म्हणजे मला न कळता काही झालं, असं म्हणायची सोय नाही. मला नीट समजावून सांगितलेलं होतं.

तीन-चार दिवसांनी दुपारी, आई झोपलेली असताना, मी ट्रंक उघडली. ॲप्रन मला घोट्यापर्यंत आला. बाह्या दुमडून मी कुत्र्यासमोर जाऊन उभी राहिले. बोलले नाही, हात उगारला नाही. नुसती उभी राहिले. तो भिंतीला घासत मागे सरकला आणि पलंगाखाली भिंतीच्या कोपऱ्यात शिरला. घर शांत झालं. थोड्या वेळानं कोठीच्या खोलीत धप्प आवाज आला. मांजर खाली उतरली होती. मी जमिनीवर आडवी झाले तशी ती आली, माझ्याभोवती एक फेरी मारून पोटावर झोपली.

मग मी रोजच तसं करू लागले. पहिल्या दिवशी मांजरीसाठी केलं हे खरं. पण नंतर मला मजा यायला लागली, हेही खरं. शाळेत मला कुणी घाबरत नव्हतं. इथे मी दारात दिसले की एक जिवंत प्राणी थरथर कापत होता. हे लिहावंसं वाटत नाही, म्हणूनच लिहिते आहे.

संध्याकाळी त्याला दूध-पोळी द्यायचं काम माझं होतं. ॲप्रन परत ट्रंकेत गेलेला असे. तो माझ्या हातून पोळी खायचा, शेपूट हलवायचा, बोटं चाटायचा. मी मनाशी म्हणायचे, याला कुठे काय कळतंय. दुपारची ती वेगळी आणि ही पोळीवाली वेगळी, असंच त्याला वाटत असणार.

इकडे बाबा काळजीत पडले. मानेवर केस भरून आले होते, तरी कुत्रा सुधारायच्या ऐवजी बिघडत चालला होता. दचकायचा, खाताना मध्येच थांबायचा. "आम्हीच त्याचं हे करून ठेवलंय," ते आईला म्हणाले. "पिंजऱ्यात त्यानं काय काय पाहिलं असेल." मी तिथेच बसून गृहपाठ करत होते. मी मान वर केली नाही.

महिना भरायला दोन दिवस उरले असताना धोबी आला. मागच्या दाराला आतून कडी होती, म्हणून पुढून आला. हातावर इस्त्री केलेले पांढरे ॲप्रन होते. कुत्रा उंबऱ्यापाशी होता आणि मागे भिंत होती. त्यानं धोब्याच्या मनगटाला दात लावले. रक्त आलं. आईनं धावत येऊन हात धुतला, आणि धोबी आईलाच समजावत होता, "कोई बात नहीं बाईजी, जिनावर है." त्या माणसाला नंतर पोटात चौदा सुया घ्याव्या लागल्या. तोही माझाच हिशेब.

चावलेला कुत्रा दहा दिवस बांधून नजरेखाली ठेवायचा, हा नियमच होता. पिंजरे कॉलेजात होते. खरा प्रश्न दहा दिवसांनंतरचा होता. त्या रात्री जेवायला बसल्यावर आईच म्हणाली, "उगीच चावणाऱ्यातला वाटत नाही हो तो. ॲप्रनला आधी नुसता भ्यायचा; मध्येच कशानं तरी बिथरलाय. काय झालं ते कळलं, तर दहा दिवसांनी परत आणू. महिन्याचं मी म्हटलं होतं, ते राहू दे." मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "तू असतेस दुपारची. काही पाहिलंस का?"

तोंडात घास होता. तो गिळला. एक वाक्य बोलायचं होतं. आईचा मार बसला असता, बाबा चार दिवस बोलले नसते, आणि कुत्रा वाचला असता.

"नाही," मी म्हणाले. "तो तसाच आहे. मांजरीच्याही अंगावर जातो."

हे दुसरं कुणी विचारलंही नव्हतं. मी पदरचं घातलं.

बाबा शिकवताना बोलत तसं हळूहळू बोलू लागले. "कुत्र्याला माणूस कपड्यावरून कळत नाही, वासावरून कळतो. कपडे पाहून तो भ्याला, पण चावला ते वास अनोळखी होता म्हणून. ओळखीचं माणूस असतं ना, तर भ्याला असता, पण चावला नसता. सोसलं असतं त्यानं."

मी जेवत राहिले. पानातलं सगळं संपवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टांगा आला. त्याच्या पुढचं मला ठाऊक नाही; अकराव्या दिवशी बाबांनी काही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मांजर पुढे नऊ वर्षं जगली. पण त्या सकाळचं सगळं आठवतं. कुत्रा पलंगाखाली कोपऱ्यात होता. बाबांनी चुचकारलं, दोरी दाखवली, जमिनीवर आडवे पडून हात आत घातला. तो येईना. टांगेवाला बाहेरून हाका मारत होता. बाबा उठले, गुडघे झटकले आणि मला म्हणाले, "तू बोलाव. तुझ्या हातचं खातो तो."

मी वाकून आत पाहिलं. त्यानंही माझ्याकडे पाहिलं, आणि त्याचं नाक हललं.

"आ जा," मी म्हणाले.

तो लगेच आला. पोट जमिनीला घासत, शेपूट हलवत बाहेर आला आणि माझ्या हाताला नाक लावून उभा राहिला. बाबांनी त्याच्या गळ्यात दोरी घातली. मी हातात पोळीसुद्धा घेतली नव्हती.