अर्धी पर्ल, अर्धी एएसपी

माझे वडील बैलबाजारात दलाल होते. रुमालाखाली बोटं दाबून सौदा कसा करायचा आणि समोरच्याने पहिल्यांदा सांगितलेलं कधीच मान्य का करायचं नाही, एवढंच त्यांनी मला शिकवलं. तेवढ्यावर मी लग्नांच्या व्हिडिओ शूटिंगपासून सावेडीतल्या दोन कॉम्प्युटरच्या ऑफिसपर्यंत आलो.

भागीदार कर्जतच्या शाळेतला, माझ्याच बाकावर बसणारा. बौद्ध घरातला, शिष्यवृत्तीवर इंजिनिअर झालेला. पुण्याची नोकरी सोडून तो माझ्या शब्दावर आला होता. गिऱ्हाईक मी आणायचो, प्रोग्राम तो लिहायचा. नव्वदचं दशक संपता संपता माझ्या समाजाच्या मंडळाने वधू-वर मेळाव्याची वेबसाइट आमच्याकडे दिली. प्रत्येक मुलीची माहिती, फोटो आणि वीस सेकंदांचा व्हिडिओ. हे जमलं तर बाकीची मंडळंही येणार होती. नाही जमलं तर तो पुण्याला परत जाणार, हे त्याने आधीच सांगितलं होतं.

"सर्व्हरवरचा प्रोग्राम पर्ल भाषेत लिहू," तो म्हणाला. "मला येते, आपल्या सर्व्हरवर चालते."

"एएसपी का नाही? पुण्यात एक जण त्यात व्हिडिओ दाखवत होता."

"चालेल. पण मग सगळंच एएसपीत करू. शिकायला महिना दे."

"पंधरा दिवस."

"अरे शेठ, बैल घेतोयस का तू?"

मी भडकलो. त्याचा पहिला शब्द म्हणजे चढा भाव, असंच मी धरून चाललो होतो. तासभर आरडाओरडा करून मी सौदा मध्यावर आणून मिटवला. माहिती त्याच्या पर्लमध्ये, व्हिडिओचा भाग पुण्याच्या माणसाकडून तयार, एएसपीत.

"एएसपीला वेगळा सर्व्हर लागतो, म्हणजे दोन झाले," तो म्हणाला. "मुलीचा नंबर दोन्हीकडे एकच राहील अशी सोय करावी लागेल. आणखी आठ दिवस."

"तीन."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाला.

तीन दिवसांत त्याला मुलीचा नंबर म्हणून यादीतल्या ओळीचा नंबरच वापरावा लागला. मेळाव्याच्या आदल्या दिवशी मंडळाने लग्न ठरलेल्या तीन मुली यादीतून काढायला लावल्या. माहितीचे नंबर वर सरकले, व्हिडिओ जिथल्या तिथे राहिले.

मंगल कार्यालयातल्या टीव्हीवर राहात्याच्या एका मुलीच्या नावाखाली दुसरीच मुलगी बोलू लागली. आधी हशा झाला. मग मुलाकडचा एक बाप उठला. "फोटो येक आन् पोरगी येक! आमाला फसिवता व्हय?" राहात्याच्या मुलीला तिच्या वडिलांनी दंडाला धरून बाहेर नेलं. खाली मान घालून जाणारी ती मुलगी मला आजही दिसते.

मंडळाचे एक ज्येष्ठ माझ्या भागीदाराकडे बघून म्हणाले, "याला काय पडलंय आपल्या पोरींचं? आपल्यातला असता तर केलं असतं का असं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. दोन तुकडे करायचा हट्ट माझा होता, तीन दिवसही माझेच. मी माइक घेतला. "चूक प्रोग्रामरची आहे. त्याच्याकडे मी बघतो."

त्याने वायरी काढल्या, नीट गुंडाळल्या, ऑफिसची किल्ली टीव्हीवर ठेवली. "काम तुझ्याकडेच राहील," तो हळू आवाजात म्हणाला. "समाज तुझा आहे. फक्त सगळं एकाच भाषेत लिहून घे. कुठल्याही."

काम राहिलं. दुसऱ्याकडून सगळं पर्लमध्ये लिहून घेतलं, ते नीट चाललं, बाकीची मंडळंही आली. त्याला मी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा त्याच्या आईने घेतला. दोन्ही वेळा तो घरात नव्हता.

माझा राग अजून त्या 'बरं'वर आहे. शाळेपासून मला ओळखत होता तो. मी तीन म्हटल्यावर त्याने पुन्हा आठच म्हणायचं होतं. मी सहावर आलो असतो.